उरलेलं पाणी

कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळी घाट उतरणारा माणूस ओल्या अंगानं वर येणाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारतो, ‘पाणी कसंय?’ तब्येत, पोराचं लग्न, उसाचं बिल हे सगळं त्यानंतर. उत्तरही रोज वेगळं. ‘गार हाय’, ‘जड हाय’, ‘रात्रीत चढलंय’, ‘नुसतं उभं हाय ओ, मजा न्हाई’. जड पाणी म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. ज्या दिवशी थोडे हात मारताच खांदे भरून येतात, त्या दिवशी ते जड. बाहेरगावी राहू लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की पाण्याची अशी चौकशी इतर ठिकाणी कुणी करत नाही. तिथे पाणी येतं किंवा येत नाही, एवढंच.

माझं माहेर कराडचं. दिवाळी आणि उन्हाळा या दोन्ही सुट्ट्यांना मी अजूनही तिथे जाते आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून घाटावर जाते. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना प्रीतिसंगम म्हणजे बाग वाटते, आणि ती आहेच. हिरवळ आहे, बाकडी आहेत, संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात, पोरं घसरगुंडीवर रांग मोडतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. पण गावाच्या लेखी बाग ही नदीकडे जायची वाट आहे. सकाळी तिथे दोन जाती दिसतात, कोरडी आणि ओली. कोरडी जात पांढरे बूट घालून बागेला फेऱ्या मारते, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजते, मध्येच थांबून हात वर करून मोठ्यानं हसते. ओली जात पायऱ्यांवर कपड्यांची गाठोडी ठेवते आणि या सगळ्याकडे जरा करुणेनंच पाहते. दोन्ही जातींत वयस्कर माणसं जास्त आणि दोघांचाही उद्देश रक्तातली साखर उतरवणं हाच, तरी सोयरीक मात्र होत नाही.

इथे कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना खालून, नैर्ऋत्येच्या अंगानं. दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेकडे वळून निघून जातात. दोन बहिणी महाबळेश्वराहून निघाल्या, दूर गेल्या आणि इथे गळ्यात पडल्या, ही कथा गावात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जाते. मला ती कधीच फारशी आवडली नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाला गळाभेट वगैरे काही जाणवत नाही. त्याला पोटरीला लागलेलं गार पाणी जाणवतं.

हे गार पाणी कोयनेचं. संगमाच्या जरा अलीकडे, कृष्णेच्या अंगाला उतरून तिरकं पोहत गेलं की एका जागी अंगाखालचं पाणी बदलतं. वरचा थर तोच, कोवळ्या उन्हानं जरा ऊब धरलेला, आणि पाय खाली सोडले की एकदम गारठा. कोयना धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, ते जलाशयाच्या पोटातलं पाणी घेतं आणि नदीत सोडतं. त्या पोटात ऊन पोहोचत नाही. एप्रिलमध्ये कराडचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि आपण मात्र कुठल्या तरी खोल अंधारात साठून राहिलेल्या मागच्या आषाढाच्या पाण्यात पोहत असतो. पोहायला शिकले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. कोयना गार, कृष्णा कोमट, एवढंच ज्ञान होतं आणि ते पुरत होतं.

शिकवलं चुलत्यांनी. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, तो नसेल तर पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा. पुढे ट्रकच्या ट्यूबा आल्या. त्यात बसून नुसतं तरंगता येतं, पोहणं येत नाही, असं काकांचं मत होतं. भोपळा मात्र माणसाला पालथं ठेवतो, तोंड पाण्याजवळ ठेवतो, भीती पूर्ण जाऊ देत नाही. आठवडाभरानं काका गाठ सैल करायचे आणि आपण बेसावध असताना भोपळा काढून घ्यायचे. पाठीवर भोपळा नाही हे कळायच्या आत चार हात मारून झालेले असत. मुलांना शिकवून झालं की ती सुटी. मग ती पुलाच्या कठड्यावरून मुटके मारत, पलीकडे जाऊन कणसं चोरून खात. आम्हा मुलींना मात्र शिकवायचं आणि बाराव्या-तेराव्या वर्षी घाटावरून परत बोलवायचं, अशी रीत होती. इतक्या मेहनतीनं शिकवलेली गोष्ट इतक्या लवकर बंद का करायची, याचा जाब तेव्हा विचारता आला नाही.

कृष्णाबाईच्या देवळाच्या बाजूला बायका धुणं धुवायला येत, ओटी भरायला येत. अजूनही येतात, कमी झाल्या एवढंच. त्यातल्या कित्येकींनी उभा जन्म नदीत गुडघाभर, मांडीभर उभं राहून काढला, आणि पोहता एकीलाही येत नव्हतं. नदीशी त्यांच्याइतका संबंध कुणाचा नाही. पण तो कामाचा. काम झालं की ओलं लुगडं पिळायचं आणि चढण चढायची. पुरुष याच पाण्यात विनाकारण उतरत. पुष्कळ वर्षांनी मी पुन्हा घाटावर जाऊ लागले तेव्हा पाण्यापेक्षा या विनाकारण उतरण्याचाच संकोच जास्त वाटला. सलवार-कमीज घालून पोहताना कापड पायात येतं, त्याची सवय होते. ‘काय ओ बाई, नवस फेडताय काय?’ असं एकानं विचारलं होतं. नवस असता तर सोपं होतं, काहीतरी सांगता आलं असतं.

विनाकारण. गेल्या काही वर्षांत मला या गोष्टीचं अप्रूप वाटायला लागलंय, कारण या नदीवर विनाकारण असं बाकी काही उरलेलंच नाही. संगमाच्या वर कृष्णेवर खोडशीचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला. तिथून कृष्णा कालवा निघतो आणि सांगली जिल्ह्याकडे जातो. संगमाच्या खाली टेंभूला बराज आहे. हे टेंभू म्हणजे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथून पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून आटपाडी, सांगोल्याच्या कोरड्या माळांवर नेतात. बराजात पाणी अडवलं की फुगवटा मागे सरकत संगमापर्यंत येतो. ‘नुसतं उभं हाय’ म्हणतात ते या दिवसांत. आणि सगळ्यांत मोठा हिशेब कोयनेचा. धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं मुभा दिली आहे. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून, बोगद्यांमधून, पोफळीच्या वीजघरात जाऊन पडतं, वीज करतं, मग वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. उरलेलं पायथ्यानं, कालव्यांच्या आणि उपसा योजनांच्या मागणीप्रमाणे, खाली कराडकडे येतं.

महाबळेश्वरच्या डोंगरावर एकाच सरीत पडलेलं पाणी असं दोन समुद्रांत वाटलं जातं. कृष्णेचं पाणी आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणार, कोयनेचं बरंचसं मागे वळून कोकणात उतरणार. मूळची कोयना पूर्ववाहिनी. तिची तऱ्हा माणसानं बदलली, आणि त्या बदललेल्या तऱ्हेवर निम्म्या महाराष्ट्राचे दिवे लागले. याबद्दल तक्रार करावी असं मला वाटत नाही. माझ्याही घरात पंखा आहे. फक्त संगमावर पाण्यात उताणं पडून आभाळ बघताना कधीकधी मनात येतं, की आपण ज्यात पडलोय ते सगळ्यांचं घेऊन झाल्यावर उरलेलं पाणी आहे, किंवा पुढे कुणाला तरी द्यायला निघालेलं आहे. टर्बाइननं त्याच्याकडून काम करून घेतलं, ऊस त्याची वाट बघतोय, आटपाडीचं डाळिंब त्याची वाट बघतंय. मधल्या या अर्ध्या-पाऊण मैलात ते कुणाचंच नाही. आम्ही त्यात हातपाय मारतो आणि जसंच्या तसं पुढे जाऊ देतो. कानात जातं तेवढंच काय ते आमचं.

जसंच्या तसं हे जरा सैल बोलले. निर्माल्यासाठी कलश ठेवलेले असतात, तरी हार पाण्यातच पडतात. सकाळी पोहताना बोटांना कधी शेवंतीचा गजरा अडकतो, कधी फोटोची मोडकी चौकट, कधी शॅम्पूची पुडी. गावाची गटारं कुठे जातात हे गावाला माहीत असतं. पोहणारी मंडळी यावर एक मूक तोडगा काढून आहेत. कुठून कुठपर्यंत उतरायचं आणि कुठे उतरायचं नाही, याची त्यांची एक न आखलेली हद्द आहे आणि नवख्याला ती पहिल्याच दिवशी बजावून सांगितली जाते. वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत तेही. सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली एकदम पुरुषभर खोली लागते, आणि सुट्टीवर आलेली शहरातली पोरं नेमकी तिथेच जातात. मगरींचा विषय निघाला की मात्र सगळे हसून हात झटकतात, ‘त्या तिकडं, औदुंबर-भिलवडीकडं!’ मगरीनं तालुक्याची हद्द पाळावी अशी आमची साधी अपेक्षा आहे.

समाधीपाशी मी सहसा ओल्या केसांनीच थांबते. २५ नोव्हेंबरच्या पुण्यतिथीला इथे गर्दी असते, भजन असतं, पुढारी येतात. एरवी सकाळी एखादा माळी आणि दोनचार कुत्री. यशवंतरावांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कृष्णाकाठ’ असं नाव दिलं. ते प्रसिद्ध झालं १९८४ मध्ये, आणि त्याच वर्षी ते गेले. पोफळीची वीज सुरू झाली १९६२ मध्ये, तेव्हा ते मुख्यमंत्री होते, आणि वर्ष संपायच्या आत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळलं ते त्यांच्या कारकिर्दीत, आणि न वळलेलं पाणी आता त्यांच्या उशाशी येऊन कृष्णेला मिळतं. याचा अर्थ काही लावायची गरज नाही. पण मी तिथे उभी असते तेव्हा तो योगायोग माझी पाठ सोडत नाही.

पोहायचं नसेल त्या दिवशी डोंगर. कराडला दोन डोंगर आहेत आणि त्यावरून दोन पंथ. ओगलेवाडीच्या बाजूला सदाशिवगड, पलीकडे मलकापूरच्या अंगाला आगाशिव. सदाशिवगडवाल्यांना पायऱ्यांचा अभिमान. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होता, तोही ते त्याच दमात सांगतात. आम्ही आगाशिववाले, आम्हाला पायऱ्या म्हणजे फसवणूक वाटते. आगाशिवची वाट मुरमाची, वाळल्या गवताची. मार्चनंतर कुसळं सॉक्समधून आत शिरतात आणि घरी आल्यावर निवांत बसून एकेक उपसावी लागतात. चढण फार नाही, पण नदीवरच्या माणसाचं चालणं आणि डोंगरावरच्या माणसाचं चालणं वेगळं असतं. पोहणारा दम राखून ठेवतो आणि तो शेवटी वापरतो. चढणाऱ्यानं तसं केलं तर तो वर पोहोचतच नाही.

डोंगराच्या कुशीत लेणी आहेत, साठाहून जास्त. कार्ल्याची किंवा अजिंठ्याची भव्यता इथे नाही. खडक ठिसूळ, खोल्या लहान, भिंती उघड्या. जखिणवाडीच्या बाजूला एका लेण्यात दाराच्या दोन अंगांना स्तंभ कोरलेले आहेत, एकावर चक्र आणि दुसऱ्यावर सिंह. ते वजा केले तर बाकी सगळं नुसतं राहण्यापुरतं. निजायला दगडी ओटा, बसायला पडवी, आणि पाण्याची पोढी. मला नेहमी या पोढ्यांपाशी थांबावंसं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी या भिक्षूंच्या नजरेसमोर दोन नद्या वाहत होत्या, आणि तरी त्यांनी कातळ फोडून पावसाचं पाणी साठवलं. रोज नदीवर उतरणं नको म्हणून, की नदीवर गाव होतं म्हणून? गाव तर होतंच. कराडचं नाव तेव्हा करहाकट होतं. थेट मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर इथल्या लोकांच्या दानाचा लेख आहे, आणि कोकणातल्या कुडा लेण्यात इथल्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्यानं दान दिलं आहे. माणूस लोखंड विकायला घाट उतरून गेला आणि तिथे लेणं देऊन आला. घाटवाटांचा तो काळ असल्यामुळे त्यानं वाटेत कुठे तरी कोयना ओलांडलीच असणार. नावेतून, की भोपळ्यावर?

आगाशिवाच्या माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे. तिथून खाली बघितलं की सगळं कराड एका नजरेत येतं. दोन्ही नद्या, त्यांचा तो आडवा मिलाफ, पूल, महामार्ग, मलकापूरच्या इमारती, उसाचे हिरवे पट्टे, आणि कडेला गोळेश्वर, ज्या गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ मिळवलं. वरून बघताना नदी फार सोपी दिसते. कुठे काय आहे, कुठे काय मिळतं, सगळं कळतं. आणि नेमकं जे खाली कळतं ते इथून दिसत नाही. गार पाणी कुठे सुरू होतं, ओढ कुठून आहे, आज जड आहे की हलकं, याचा वरून काही पत्ता नाही. धरणाचे निर्णय घेणारी माणसं आकडे बघून घेतात, ते त्यांना घ्यावेच लागतात. पण आकडे ज्या उंचीवरून दिसतात तिथून पोटरीचा गारठा दिसत नसावा, असं मला त्या देवळाच्या कट्ट्यावर बसल्यावर वाटतं. मग कुणीतरी भडंगाची पिशवी उघडतं आणि विचार तिथेच राहतो.

पावसाळ्यात हे दोन्ही पंथ घरी बसतात. डोंगरावर निसरडं, नदीवर तर जाणंच नाही. गावाची भाषा तेव्हा बदलते. चहाच्या टपरीवरचा पोऱ्यासुद्धा क्युसेकमध्ये बोलतो. कोयनेचे सहा वक्र दरवाजे किती फुटांवर, याच्यावर लग्नाच्या तारखा, भाजीचे भाव आणि शाळेच्या सुट्ट्या ठरतात. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले ते घाटाच्या पायऱ्या वर्षांनुसार ओळखतात. पाणी बागेत शिरतं, बाकडी बुडतात, समाधीच्या चौथऱ्याभोवती गढूळ पाणी फिरतं. वर्षभर मोजून-मापून सोडलेलं पाणी त्या आठवड्यात मोजायच्या पलीकडे जातं. उरलेलं वगैरे काही नसतं, सगळं येतं. पुढे बरेच दिवस बाग धुवावी लागते. हिरवळीवरचा गाळ वाळून त्याचे पापुद्रे उठतात, पोरं त्यावर चालून ते मोडतात. घाटावरच्या मंडळींना मात्र सर्वपित्री होऊन गेली की चैन पडत नाही. रोज येऊन पायरीवर उभं राहायचं, पाण्याचा रंग बघायचा, परत जायचं. दसऱ्याच्या आसपास पहिला माणूस उतरतो. तो नेहमी एकच असतो, आणि त्याच्याविषयी बाकीचे ‘म्हातारा एक दिवस जाणार’ असं म्हणत त्याच्या मागोमाग उतरतात.

तो पाटणचा. म्हणजे मूळचा कोयनाकाठचा, नोकरीनिमित्त कराडला आला आणि इथलाच झाला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. संगमाच्या पुढे नदीचं नाव कृष्णा राहतं, हे अण्णांना मान्य नाही. उन्हाळ्यात वरून जास्त पाणी कोण आणतं? कोयना. धरण कुणावर? कोयनेवर. भूकंप कुणी सोसला? ६७ साली आम्ही. आणि सांगलीपर्यंत जाताना नाव कुणाचं? मागच्या मे महिन्यात पायरीवर अंग पुसता पुसता त्यांनी हा विषय पुन्हा काढला. कराडच्या पेठेत चार पिढ्या काढलेले एक गृहस्थ समोरच होते. ते म्हणाले, ‘अण्णा, पोरगी नांदायला गेली की नाव सासरचंच लागतंय.’ मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी घाईनं टॉवेलात तोंड घातलं.

‘नांदायला कोण कुणाकडं आलं ते तरी बघा की,’ अण्णा म्हणाले. त्यांनी एक उपाय सुचवला. एक नारळ कोयनेच्या अंगानं सोडायचा, एक कृष्णेच्या. टेंभूच्या बाजूला जो आधी पोहोचेल, त्याच्या नदीचं नाव. दुसऱ्यानं हरकत घेतली, की टेंभूला पाणी अडवलंय, दोन्ही नारळ संध्याकाळपर्यंत इथेच गोल फिरत बसतील. तिसरा म्हणाला, फिरतील कशाला, देवळाखालची पोरं काढून फोडून खातील. बाईंनी निकाल द्यावा, असं सगळ्यांचं ठरलं. मी म्हटलं, आधी नारळ तर आणा. मग नारळ कुणी आणायचे यावरून जे सुरू झालं, ते मी पायऱ्या चढून बागेत पोहोचले तरी ऐकू येत होतं, आणि त्यात पाटणच्या नारळाचा आणि कराडच्या नारळाचा भावही आला होता.